‘अजून थोडं वाढवा’ म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ध्वनिमुद्रण कंपन्यांचे प्रमुख, गाण्यांचे निर्माते आणि जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते सर्व,

स. न. वि. वि.

शास्त्रीय गायनाचं एक जुनं रेकॉर्डिंग गेल्या महिन्यात ‘नव्याने मास्टर केलेलं’, म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा हात पुन्हा फिरवलेलं, म्हणून पुन्हा बाहेर आलं. मूळ रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी त्या स्टुडिओत साहाय्यक होतो. वायरी गुंडाळायच्या, टेपच्या डब्यावर तारीख आणि टेकचा नंबर लिहायचा, गाणाऱ्या बाई सांगतील तेवढा माइक पुढे-मागे करायचा, एवढंच माझं काम. पण त्या दिवसातली एक जागा मला अजून पाठ आहे. विलंबितात बाई तार षड्जावरून उतरत उतरत मंद्र पंचमाला आल्या. आवाज इतका बारीक झाला की काचेच्या अलीकडे आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो. मग त्या थांबल्या. दोन-तीन सेकंद फक्त तानपुरे, मागे कुठेतरी भिंतीला टेकून बसल्यासारखे. मग एक हलका श्वास, आणि समेवर तबल्याची थाप अशी आली की मुख्य रेकॉर्डिस्टचा हात आपसूक फेडरकडे, आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीकडे, गेला. गेला आणि तसाच मागे आला. “राहू दे,” ते म्हणाले.

नव्या आवृत्तीत मी तीच जागा काढून ऐकली. बाई थांबतात आणि तानपुरे भसकन पुढे येतात. श्वास स्वराएवढाच मोठा, कानाशी येऊन कुणी धाप टाकावी तसा. थाप पडते, पण उशीवर पडल्यासारखी. ती पडताच तानपुरे गपकन मागे जातात आणि पुढच्याच क्षणी पुन्हा वर चढतात. मंद्र पंचम आणि तार षड्ज यांचा आवाज एकाच मापाचा. जी जागा ऐकायला माणूस कान टवकारत असे, तिथे आता कान टवकारण्याचं कारणच उरलेलं नाही.

जुनी आवृत्ती शोधली. स्ट्रीमिंगवर ती नाही. त्याच नावाखाली, त्याच चित्राखाली आता नवी वाजते. ती नवी आहे हे सांगणारी एक ओळसुद्धा कुठे नाही.

त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एका कंपनीचा दोष असता तर तिलाच पत्र पाठवलं असतं. हे सगळीकडे चाललेलं आहे, आणि यात माझाही हात आहे. गेली चोवीस वर्षं मी याच धंद्यात आहे, त्यातली सतरा फक्त मास्टरिंगची, म्हणजे तयार गाण्यावरून प्रकाशनाची शेवटची प्रत, मास्टर, बनवण्याची. गाण्याचा आवाज ‘अजून थोडं वाढवा’ हा निरोप किती वेळा आला आणि किती वेळा मी निमूटपणे वाढवून दिलं, याचा हिशेब ठेवलेला नाही. ठेवला असता तर तो इथे लिहायला मला लाज वाटली असती. तेव्हा हे पत्र तुम्हाला खाली पाहायला लावण्यासाठी नाही. मला आता हे काम असं करायचं नाही, आणि ते थांबवणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, म्हणून लिहितो आहे.

जे वाचक या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो.

डिजिटल रेकॉर्डिंगला एक छत असतं. त्याच्या वर आकडाच नाही. सीडीच्या सोळा बिटांत सर्वांत मोठी संख्या ३२,७६७, आणि तिथे पोचलं की संपलं. तबल्याची थाप, ड्रमवरचा घाव, झांजेचा पहिला क्षण ही या छताजवळ जाणारी टोकं. बाकीचं गाणं त्याच्या बरंच खाली असतं. पण कान एखादं गाणं ‘मोठं’ ठरवतो ते टोकांवरून नाही, सरासरीवरून. मग छत तेच ठेवून गाणं मोठं कसं करायचं? टोकं दाबायची आणि खालचं सगळं वर ढकलायचं. हे काम लिमिटर करतो. तो थोडासा लावला तर कुणाला कळत नाही. पण एक डेसिबल झाला की आणखी एक हवा असतो, मग आणखी एक. शेवटी वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, उघडून पाहिलं तर डोंगररांग दिसायच्या जागी इस्त्री फिरवलेली पट्टी दिसते. त्याहून पुढे गेलं की टोकं दबतही नाहीत, सरळ छाटली जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात आणि ते कानाला करकर, खरखर असं लागतं. लहान स्पीकरवर ते लपतं, चांगल्या हेडफोनवर लपत नाही.

लहर एकदा छाटली की छाटली. नंतर आवाज कमी केला तर छाटलेली लहर लहान होते, तिचं टोक परत येत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘नंतर कमी करता येईल की’ असं मला एका बैठकीत अगदी गंभीरपणे सांगितलं गेलं होतं.

ही चढाओढ नवी नाही. ज्यूकबॉक्सच्या काळातही दोन तबकड्या एकाच आवाजाच्या बटणावर वाजायच्या आणि जी मोठी वाजेल तिच्याकडे लक्ष जायचं, म्हणून खाचा जोरात कापून घेण्याची हौस तेव्हाही होती. पण तबकडी स्वतःच आवर घालायची. खाच जितकी जोरात वळणार तितकी जागा जास्त खाणार, म्हणजे बाजूवर मिनिटं कमी. फारच जोर केला तर सुई उडणार. रेडिओवाल्यांकडे १९७५ पासून आवाज दाबून मोठा करणारं ऑप्टिमोड नावाचं यंत्र आलं आणि तिथे प्रत्येक केंद्र शेजारच्या केंद्राहून वरचढ वाजू लागलं. १९८२ मध्ये सीडी आली ती मात्र उलट आशा घेऊन आली होती. सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला, सुई नाही, खाच नाही, टेपची सळसळ नाही. कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत सगळं मावेल एवढी जागा. सुरुवातीच्या सीडी तशा केल्याही गेल्या. सरासरी खाली, टोकांना वर ऐसपैस मोकळीक. मग १९९४ च्या सुमारास पुढचं टोक आधीच ओळखून दाबणारे सॉफ्टवेअरमधले लिमिटर हाताशी आले, आणि जे करायला पूर्वी महागडी यंत्रं आणि तरबेज हात लागायचा ते एक पट्टी खाली ओढून होऊ लागलं. एवढी जागा मिळाली आणि आपण सगळे तिच्या वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीने जाऊन उभे राहिलो.

हा म्हाताऱ्या कानांचा भास नाही. २०१२ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात १९५५ ते २०१० या काळातली पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची ४,६४,४११ रेकॉर्डिंग तपासली होती. दशकामागून दशक आवाजाची पातळी चढत गेल्याचं त्यात स्पष्ट दिसतं.

यामागे कानाची एक खोडी आहे आणि ती तुम्हाला माहीत नसेल तर माहीत करून घ्या, कारण तुमचे अर्धे निर्णय तीच घेते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि अगदी बारीक टोकाचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणून तेच गाणं एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठं वाजवलं तर ऐकणारा ‘मोठं आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हे जास्त भरीव आहे, जास्त स्वच्छ आहे’. निर्मात्यासमोर दोन मास्टर वाजवा, एक जरा मोठा ठेवा, तो मोठाच उचलेल. मी हे स्वतः करून पाहिलंय. एकदा तर एकच फाइल दोनदा वाजवली, दुसऱ्यांदा दीड डेसिबल वर. ‘हां, आता जमलं,’ असं उत्तर आलं. मी काही बोललो नाही. बिल पास व्हायचं होतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि माझ्या मते सर्वांत मोठी, तुमच्या सवयीबद्दल. जी शर्यत तुम्ही पळताय ती कधीच बंद झालेली आहे. स्ट्रीमिंगवर आज गाणी सरसकट एका पातळीला आणून वाजवली जातात. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं, यूट्यूब त्याहून मोठ्या गाण्यांना खाली ओढतं, ॲपल म्युझिकचा आकडा उणे १६ आहे. एलयूएफएस हे कानाला सरासरी किती मोठं वाटतं याचं माप. शून्य म्हणजे छत. आता हिशेब करा. तुम्ही गाणं दामटून उणे ७ ला नेलंत, टोकं छताला टेकलेली. सेवेने ते ७ डेसिबल खाली आणलं; म्हणजे तुमची टोकंही छताच्या ७ डेसिबल खाली गेली. शेजारच्या गाण्याचा मास्टर उणे १४ लाच होता, टोकं उणे १ वर. ते तसंच वाजलं. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच मोठी लागतात, पण त्या दुसऱ्या गाण्यातला ड्रमचा घाव तुमच्या घावापेक्षा ६ डेसिबल उंच आहे, म्हणजे लहर दुप्पट उंच. जे जोरकस वाटावं म्हणून एवढा खटाटोप केला ते शेजाऱ्यापुढे चपटं वाजतंय, आणि ते चपटं करण्याचे पैसे तुम्ही मला दिलेले आहेत.

तरीही निरोप येतच राहतात. का येतात ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आता कळतं. मास्टर मी पाठवतो, तो मेसेजमधून पुढे जातो, फोनवर उघडला जातो आणि फोनमध्येच पडलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी गाण्याच्या फाइलशेजारी वाजवला जातो. तिथे पातळी सारखी करणारं कुणी नाही. दोन मिनिटांत उत्तर येतं: ‘छान झालंय, पण त्याच्यापेक्षा कमी वाजतंय.’ म्हणजे श्रोता ज्या तऱ्हेने गाणं कधीच ऐकणार नाही, नेमकं त्या तऱ्हेने ऐकून तुम्ही ते मंजूर किंवा नामंजूर करता.

दुसरी तक्रार माझ्या आधीच्या टप्प्याबद्दल. मास्टरिंगला येणारी मिक्सच, म्हणजे गायन-वादनाचे सगळे आवाज एकत्र जुळवलेल्या प्रती, आता चेपून येतात. निर्मात्याला रफ मिक्स ऐकवायचं असतं, ते मोठं वाजलं नाही तर त्याचा चेहरा पडतो, म्हणून मिक्स करणारा मास्टर फेडरवर, सगळे आवाज शेवटी ज्यातून जातात त्या पट्टीवर, लिमिटर लावून ठेवतो. मग सगळ्यांच्या कानाला तेच सवयीचं होतं आणि तो लिमिटर काढायला कुणी धजत नाही. माझ्याकडे येते ती वीट. विटेचं मी काय करू? २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला तेव्हा हेच झालं होतं. श्रोत्यांनी बोंब केली, पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या, आणि त्याचे मास्टरिंग इंजिनिअर टेड जेन्सन यांनी सांगितलं की आपल्याकडे मिक्स आली तीच आधी दाबलेली होती. त्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिलेली होती आणि गेममधली आवृत्ती कमी दाबलेली होती. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं. विकत घेतलेल्या सीडीपेक्षा खेळातलं गाणं सरस निघालं.

त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, गन्स अँड रोझेस या बँडचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ हा अल्बम आला. मास्टरिंग इंजिनिअर बॉब लडविग यांनी त्याचे तीन मास्टर करून पाठवले होते, कमी-जास्त दाबलेले. कलाकार आणि निर्मात्याने त्यातला सर्वांत कमी दाबलेला निवडला. म्हणजे हे ठरवता येतं. त्यासाठी समोरच्याने तिन्ही नीट ऐकले पाहिजेत, एवढंच.

तिसरी तक्रार जुन्या संग्रहांची. पत्र तिथूनच सुरू झालं, म्हणून जरा रेंगाळतो. नवं गाणं तुमचं आहे, ते तुम्हाला हवं तितकं चेपा. मी वाद घालीन, पण शेवटचा शब्द तुमचा. जुन्या रेकॉर्डिंगचं तसं नाही. ज्यांनी ते गायलं, वाजवलं, ज्याने माइक कुठे ठेवायचा ते ठरवलं, त्यातले बरेच आता आपल्यात नाहीत. लहान आवाज कुठे आणि मोठा कुठे हा त्यांचा निर्णय होता. बाईंनी मंद्र पंचमाला आवाज बारीक केला तो दमल्या म्हणून नव्हे. तो बारीक आवाज ‘दुरुस्त’ करायचा अधिकार कुणाला आहे? टेपची सळसळ काढा, तुटलेला जोड सांधा, वेग चुकला असेल तर सुधारा, हे सगळं मी स्वतः आनंदाने करतो. पण ‘रिमास्टर’ या शब्दाआड बहुतेक वेळा घडतं ते इतकंच की लिमिटर लागतो आणि तारीख बदलते.

आणि मग जुनी आवृत्ती काढून घेतली जाते. तबकडीच्या आणि सीडीच्या काळात असं करता येत नव्हतं; ज्याच्याकडे जुनी प्रत होती त्याच्याकडे ती राहायची. आता एका दिवसात सगळ्यांच्या यादीतलं गाणं गुपचूप बदलतं. आज वीस वर्षांचा असलेला मुलगा ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकेल तेव्हा त्याला वाटेल, बाई अशाच एकसुरी गात असतील. त्याला तुलना करायला दुसरं काही ठेवलेलंच नाही.

चौथी लहानशी आहे, पण रोजची. छताला टेकलेला मास्टर एमपी३ किंवा एएसी अशा आकाराने लहान केलेल्या फाइलमध्ये बदलला की टोकं मूळ जागेपेक्षा थोडी वर उसळतात आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रात नव्याने फाटतात. म्हणून टोकं निदान एक डेसिबल खाली ठेवा असं स्पॉटिफायसारख्या सेवा लिहून सांगतात. मी तसा मास्टर दिला तर ‘वर जागा मोकळी दिसतेय, ती भरा’ असा निरोप येतो. ती मोकळी दिसते कारण ती मोकळी ठेवलेली असते.

पाचवी तक्रार सिद्ध करून दाखवता येणार नाही, म्हणून तक्रार न म्हणता अनुभव म्हणतो. चपटं गाणं पहिल्या तीस सेकंदांत छाती काढून उभं राहतं आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत नको होतं. आवाज कमी केला तरी नकोपण जात नाही. दिवसभर असे मास्टर तपासले की संध्याकाळी घरी मला पंख्याचा आवाजही सहन होत नाही. संबंध अल्बम सलग ऐकणारे कमी झाले म्हणून तुम्ही हळहळता. त्याची कारणं अनेक असतील, त्यात हेही एक असावं असं मला वाटतं.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, ती झटकून टाकत नाही. लोक गाडीत ऐकतात, गर्दीत ऐकतात, लहान आवाज तिथे बुडतो. म्हणून दाबावं लागतं, असं तुम्ही म्हणता. गाडीत बुडतो हे खरं. पण मग गाडीतल्या यंत्राने दाबावं. डॉल्बी डिजिटलमध्ये ही सोय पहिल्यापासून आहे: रात्री घरातले झोपलेले असताना सिनेमातले धमाके लहान आणि कुजबूज मोठी करून वाजवता येते, मूळ ध्वनीला हात न लावता. दाबणं ऐकणाऱ्याच्या टोकाला सहज करता येतं. उलटी क्रिया कुठेच करता येत नाही. गाडीतल्या माणसाच्या सोयीसाठी घरात शांत बसून ऐकणाऱ्याचं गाणं कायमचं कापायचं, हा कुठला न्याय?

आणि हो, दाबलेला प्रत्येक आवाज वाईट असं माझं म्हणणं नाही. आवाज दाबणारा कॉम्प्रेसर हेही एक वाद्यच आहे. काही संगीताची गंमतच त्या घट्ट, अंगावर येणाऱ्या आवाजात असते आणि ते करणाऱ्यांचा हात मी मानतो. तिथे ती निवड असते. माझं भांडण निवड न करता, भीतीपोटी, सगळ्यांचं आहे म्हणून आपलंही तेवढंच, या हिशेबाने केलेल्या दाबण्याशी आहे. अंगाईगीत आणि नाचाचं गाणं एकाच आकड्याला आणून मागितलं जातं तेव्हा त्यात कुणाची आवड असते?

हे सुटत नाही असंही नाही. टीव्हीवरच्या जाहिराती किती बोंबलायच्या आठवा. तिथेही मर्यादा टोकावर होती आणि जाहिरातवाले सरासरी चढवून मोकळे व्हायचे. मोजमाप बदललं तेव्हा खेळ बदलला. सरासरी मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये ठरली, युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ हा आकडा स्वीकारला, अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. ओरडून काही मिळेनासं झालं म्हणून ओरडणं कमी झालं. संगीतात स्ट्रीमिंगने तेच केलेलं आहे. फक्त बातमी अजून तुमच्या बैठकीपर्यंत पोचलेली नाही. आणि झालेली चूक मागे घेताही येते: रश या बँडचा २००२ चा ‘व्हेपर ट्रेल्स’ असाच चेपलेला निघाला होता, २०१३ मध्ये त्यांनी तो पूर्ण नव्याने मिक्स करून पुन्हा काढला. अकरा वर्षं लागली, पण केलं.

तर मागण्या अशा आहेत.

कोणताही मास्टर ‘कमी वाजतो’ म्हणून परत पाठवण्याआधी तो आणि तुमच्या मनातलं दुसरं गाणं एका पातळीला आणून ऐका. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडे कुणाला जमत नसेल तर दोन्ही फाइल मी सारख्या करून देतो, पैसे न घेता. तसं ऐकूनही दाबलेलाच आवडला तर मी तक्रार करणार नाही.

करारात किंवा निरोपात लाऊडनेसचा आकडा लिहू नका. ‘उणे ७ पाहिजे’ हे गाणं न ऐकता दिलेलं माप आहे. टोकं मात्र उणे १ च्या वर जाऊ नयेत, हा आकडा जरूर लिहा.

मिक्स मास्टरिंगला पाठवताना मास्टर फेडरवरचा लिमिटर काढून पाठवा. लिमिटर लावलेली प्रत सोबत द्या, तुम्हाला काय आवडलंय ते मला कळेल. पण काम करायला दुसरी द्या.

प्रत्येक नव्या गाण्याची न दाबलेली प्रत, पूर्ण चोवीस बिटांत, संग्रहात ठेवा. आज कुणी मागणार नाही. पुढे ऐकण्याची साधनं बदलतील तेव्हा तुमच्या हातात वीट असू नये.

जुन्या संग्रहातलं काही नव्याने मास्टर केलं तर आधीची आवृत्ती काढू नका. दोन्ही ठेवा, ऐकणारा निवडेल. आणि प्रत्येकीवर लिहा: मास्टर कुणी केला, कोणत्या साली, मूळ टेपवरून की तिच्या नकलेवरून. डब्यावर एवढं लिहायचं काम तर स्टुडिओतला साहाय्यकही करतो. मी ते केलेलं आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर यापुढे माझ्याकडून दोन मास्टर येतील, एक मला योग्य वाटतो तो आणि गरज असेल तर एक तुम्ही मागाल तसा, दोन्ही एका पातळीला आणून. दुसऱ्यावर माझं नाव नसेल. काही कामं यामुळे जातील, एक गेलंसुद्धा आहे.

ज्या रेकॉर्डिंगवरून हे पत्र सुरू झालं त्याच्या कंपनीसाठी एक निरोप. त्या दिवशीच्या टेपच्या डब्यांवर अक्षर माझं आहे. विलंबिताचा वापरलेला टेक तिसरा, दुसऱ्या डब्यातला. तुमच्या संग्रहात तो डबा असेल आणि टेप वाजण्याच्या स्थितीत असेल तर ती उतरवून द्यायला मी कधीही येईन. यंत्र माझं आणतो. लिमिटर आणणार नाही.

आपला,
एक मास्टरिंग इंजिनिअर